मुष्टियुद्धाचे घर कुणाचे आणि दरवाजा कुणासाठी?

बॉक्सिंग म्हणजेच मुष्टियुद्ध. या खेळाचे खरे घर कोणते, हा वाद खेळाच्या शौकिनांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. पनवेलच्या व्यायामशाळांत आणि नाक्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवरही तो आम्ही ऐकतो. कुणी म्हणतो इंग्लंड, कारण खेळाचे नियम तिथे लिहिले गेले. कुणी म्हणतो अमेरिका, कारण मोहम्मद अली तिथला. कुणी क्युबाचे नाव घेतो, कारण एवढ्याशा बेटाने ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकांची रास घातली. कुणी थेट ग्रीसपर्यंत मागे जातो. आणि एखादा दीडशहाणा असतोच, जो सांगतो की हे सगळे आपल्याच पुराणातून बाहेर गेले आहे.

वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. घर कुणाचे, हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. ज्यांना हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांना ‘घर’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न सुचतो, की आत कुणाला घेतात? भिंत कुणी बांधली, पाटी कुणाच्या नावाची, हे नंतर पाहता येईल. उंबरठ्यावर कुणाला अडवले, हे आधी पाहिले पाहिजे. याच कसोटीवर एकेका देशाचा दावा तपासून पाहू या.

इंग्लंड : नियमांचे घर, पण कुणासाठी?

इंग्लंडचा दावा कागदावर भक्कम आहे. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने १७४३ साली लढतीचे पहिले नियम घालून दिले. पडलेल्याला मारायचे नाही, हे त्याने ठरवून दिले. पुढे १८६७ साली क्वीन्सबरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठण्यासाठी दहा आकड्यांची मुदत हे सारे त्या नियमांतले. आजचा खेळ याच पायावर उभा आहे. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण याच घराचा दुसरा कागदही वाचला पाहिजे. १८१० साली टॉम मॉलिनो नावाचा काळा अमेरिकन मुष्टियोद्धा इंग्लंडचा विजेता टॉम क्रिब याच्याविरुद्ध लढला. मॉलिनो गुलामीतून आलेला होता, असे सांगितले जाते. त्याला तयार करणारा बिल रिचमंड हाही गुलाम म्हणूनच जन्मलेला. लढत तिसाहून अधिक फेऱ्या चालली, मॉलिनो जिंकण्याच्या बेतात आला आणि प्रेक्षकांचा जमाव आखाड्यात घुसला. अखेर क्रिब विजयी ठरला. नियम होते, पण ते पाळण्याची वेळ आली तेव्हा जमावाने त्वचेचा रंग पाहिला.

पुढे तर हा रंग नियमातच आला. १९११ साली जॅक जॉन्सन हा काळा जगज्जेता लंडनमध्ये एका गोऱ्या मुष्टियोद्ध्याशी लढणार होता. ती लढत गृहमंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी होऊ दिली नाही. त्या काळापासून ब्रिटिश विजेतेपदाची दारे काळ्यांना बंद झाली. पुढे खेळाचे नियंत्रण करणाऱ्या मंडळाच्या नियमातच अट आली, की विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई आणि वडील दोघेही गोरे असले पाहिजेत. ही अट हटली १९४८ साली. त्याच वर्षी डिक टर्पिन हा पहिला काळा ब्रिटिश विजेता ठरला. त्याची आई गोरी इंग्रज होती आणि वडील ब्रिटिश गयानाचे. म्हणजे माणूस इंग्लंडमध्ये जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, तिथल्याच मातीत घाम गाळला, तरी बापाच्या रंगामुळे तो आपल्याच देशाच्या विजेतेपदासाठी अपात्र!

आमच्या वाचकांना हा नियम ओळखीचा वाटेल. माणसाची लायकी त्याच्या मुठीवर न मोजता आईबापावर मोजायची, हे तत्त्व आम्हाला कुणी इंग्लंडहून येऊन शिकवायला नको. मनुस्मृतीने ते इथे शतकानुशतके राबवले आहे.

अमेरिका : काळ्यांनी जिंकलेले घर

अमेरिकेचा दावा पदकांचा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत मुष्टियुद्धात अमेरिकेची ५० सुवर्णपदके झाली. आकडा मोठा आहे. पण १९०४ साली सेंट लुईसला मुष्टियुद्ध पहिल्यांदा आधुनिक ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हा त्यात उतरलेले सगळे स्पर्धक अमेरिकनच होते. बाहेरचे कुणीच नव्हते. त्यामुळे सगळी पदके घरातच राहिली. आमच्याकडेही पिढ्यान् पिढ्या अशीच स्पर्धा चालली. एकाच वर्गाने परीक्षा घ्यायची, त्याच वर्गाने द्यायची आणि मग गुणवत्तेचा टेंभा मिरवायचा!

अमेरिकेतला विजेता जॉन सुलिव्हन काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढायला उघडपणे नकार देत असे. लोक याला ‘रंगरेषा’ म्हणत. आमच्या मते ती अस्पृश्यताच होती. मुष्टियुद्ध हा स्पर्शाचा खेळ आहे. समोरच्याला हात लावल्याशिवाय तो खेळताच येत नाही. गोऱ्या विजेत्याला काळ्याच्या ठोशाची भीती वाटत नव्हती, असे आपण घटकाभर मान्य करू. मग भीती कसली होती? एकाच चौकोनात, एकाच नियमाखाली, समान वजनाने उभे राहण्याची! बरोबरीने उभे राहिलो की हरण्याची शक्यता निर्माण होते, आणि जन्माने श्रेष्ठ असलेल्याला तीच परवडत नाही.

ही रेषा जॅक जॉन्सनने मोडली. त्याचे आईबाप गुलामीत जन्मलेले होते. १९०८ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात सिडनीला त्याने टॉमी बर्न्सचा पराभव केला आणि तो वजनदार गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते सहन झाले नाही. निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून पुन्हा मैदानात आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, रेनो येथे जॉन्सनने त्यालाही लोळवले. त्या रात्री अनेक शहरांत दंगली झाल्या, काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. लढतीचे चित्रपट दाखवायला अनेक ठिकाणी बंदी आली आणि १९१२ साली अशा चित्रपटांची राज्याराज्यांतली ने-आण रोखणारा कायदाच झाला. काळा माणूस जिंकताना दिसू नये, यासाठी कायदा!

१९१३ च्या जूनमध्ये जॉन्सनला एका वर्णद्वेषी खटल्यात दोषी ठरवले गेले आणि तो देश सोडून गेला. पुढच्याच महिन्यात, जुलै १९१३ मध्ये, एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत असतानाच ५ एप्रिल १९१५ रोजी हवानामध्ये जॉन्सनने विजेतेपद गमावले. त्यानंतर बावीस वर्षे एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला वजनदार गटाच्या विजेतेपदाची संधी दिली गेली नाही. १९३७ साली जो लुईस आला तेव्हा कुठे ते दार पुन्हा उघडले. बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाकडे पुढे आयुष्यभर लक्ष ठेवले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागवली होती, हे विसरता येत नाही.

आणि मग मोहम्मद अली. १९६० साली रोमला सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे नाव कॅशियस क्ले होते. १९६४ साली जगज्जेता झाल्यावर त्याने धर्म बदलला आणि नावही बदलले. जुने नाव हे गुलामीचे नाव आहे, असे त्याने जगाला बजावले. १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जायला त्याने नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ऐन उमेदीची तीनहून अधिक वर्षे तो मैदानाबाहेर राहिला. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि १९७४ साली किन्शासामध्ये त्याने विजेतेपद परत मिळवले.

ज्या समाजाने १९३५ ची येवल्याची घोषणा ऐकली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्याला अली समजावून सांगावा लागत नाही. लादलेली ओळख टाकून देणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली तेव्हा त्यांनी नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचेच. म्हणून अमेरिका हे मुष्टियुद्धाचे घर आहे, असे कुणी म्हटले तर आम्ही एवढीच दुरुस्ती करू, की ते घर मालकाने दिलेले नाही. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी ते जिंकून घेतले.

‘आपल्याच पुराणात होते’ म्हणणाऱ्यांना

आता आपल्याकडच्या दाव्याकडे येऊ. मुष्टियुद्धाची वर्णने महाभारतात आहेत, हे खरे. बडोदा आणि म्हैसूरच्या दरबारांत जेठी मल्लांच्या वज्रमुष्टीच्या लढती होत, हेही खरे. हाताच्या मुठीत शिंगाचे टोकदार हत्यार धरून हे मल्ल लढत. पण ग्रीसमध्येही इ. स. पूर्व ६८८ पासून ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध होते आणि इजिप्तच्या जुन्या चित्रांतही मुष्टियोद्धे दिसतात. माणसाला दोन हात आहेत तिथे मूठही आहे. ‘सर्वांत आधी आम्ही’ हा दावा कुणालाही शेवटास नेता येणार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या महाभारताचा दाखला देता त्याच महाभारतात एकलव्यही आहे. द्रोणाचार्याने त्याच्याकडून मागितले काय? उजव्या हाताचा अंगठा! धनुर्विद्या गेली, एवढेच आपण शिकत आलो. पण अंगठ्याशिवाय माणसाला नीट मूठही वळता येत नाही. ज्या परंपरेने बहुजनांच्या मुलाची मूठच वळू दिली नाही, तिने मुष्टियुद्धाच्या घरावर आपली पाटी लावावी, याला काय म्हणावे? आणि स्वतंत्र भारतात उत्तम क्रीडा प्रशिक्षकाला सरकार जो पुरस्कार देते तो कुणाच्या नावाने? द्रोणाचार्याच्याच! एकलव्याच्या वारसांनी हा पुरस्कार पाहताना काय वाटून घ्यावे, याचा विचार आजवर एकाही सरकारने केलेला नाही.

बडोद्याचेच पाहा. महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे उपकार आमचा समाज विसरणार नाही. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती त्यांनी. पण राजा मोठा असला तरी नगर मोठे नव्हते. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यात गेले तेव्हा जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या या माणसाला राहायला घर मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ज्या नगरात मल्लांच्या मुठीला दरबारी मान होता, त्याच नगरात विद्वानाच्या डोक्यावर छप्पर नव्हते.

छावणीचे दार आणि चहाचा कप

आधुनिक मुष्टियुद्ध भारतात आले ते इंग्रजांच्या लष्करी छावण्यांतून आणि इंग्रजी शाळांतून. संघटित स्वरूप आले ते आपल्या मुंबईत. १९२५ साली मुंबई इलाख्यात हौशी मुष्टियोद्ध्यांची संघटना स्थापन झाली. म्हणजे भारतापुरते बोलायचे तर या खेळाचे घर महाराष्ट्रात होते, असे अभिमानाने म्हणता येईल. पण तेव्हा त्या घरात आम्ही होतो का?

इथे इतिहासाची एक तारीख महत्त्वाची आहे. कोरेगावच्या लढाईपासून इंग्रजी फौजेत पराक्रम गाजवणाऱ्या महार सैनिकांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद करण्यात आली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी विभागणी इंग्रजांनी केली, आणि इथल्या जातिव्यवस्थेला ती सोयीचीच होती. आपण याकडे नोकरी गेली, शिक्षण गेले, पेन्शन गेले म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण छावणीबरोबर कवायत गेली, मैदान गेले, खेळही गेला. मुष्टियुद्धाचे हातमोजे या देशात ज्या दारातून आले, नेमके तेच दार आमच्या तोंडावर लावले गेले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि गरज संपताच ती मोडली. शेवटी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

क्रिकेटची कथा याहून वेगळी नाही. पळवणकर बाळू हे त्या काळातले भारतातले श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेले. पुण्यात इंग्रजांना सराव देऊन तयार झालेला हा खेळाडू हिंदूंच्या संघाला हवा होता, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हते. पण चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांच्या हातातला चेंडू चालत होता, त्यांच्या ओठाला लागलेला कप चालत नव्हता! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, १९२३ साली. पुढे बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधात गेले, १९३७ च्या निवडणुकीत समोर उभे राहिले आणि हरले. पण म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय कमी ठरत नाही. अन्याय मोजताना माणूस कोणत्या बाजूचा, हे आम्ही पाहत नाही.

याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन उघडपणे चहा घेत होते. कोल्हापूरला कुस्तीचे माहेरघर म्हणतात. १९१२ साली उभे राहिलेले खासबागचे मैदान महाराजांनीच बांधले. पण आमच्या मते कोल्हापूर हे नाव मोठे झाले ते केवळ मैदानाने नाही. मैदान बांधणाऱ्या राजाने त्याच शहरात तो कपही तोंडाला लावला. मैदान आणि कप या दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हाच ‘माहेरघर’ हा शब्द शोभतो.

क्युबाने काय केले?

क्युबाची लोकसंख्या सुमारे एक कोटी. आपल्या मुंबईपेक्षा कमी! तरी पॅरिसपर्यंत त्या देशाची मुष्टियुद्धातील ४२ सुवर्णपदके झाली. यातली पहिली पदके १९७२ च्या म्युनिकची आहेत, म्हणजे हे सारे काम पन्नासएक वर्षांतले. टिओफिलो स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन सुवर्णपदके जिंकली. फेलिक्स सॅव्हॉनने १९९२, १९९६ आणि २००० साली तेच केले. दोघेही काळे, दोघेही सामान्य घरांतले.

यामागे जादू नव्हती. क्रांतीनंतर क्युबाने धंदेवाईक खेळावर बंदी घातली आणि खेळ शाळेत नेला. मूल कुणाचे, हे न विचारता गावोगावच्या शाळांतून मुले निवडली, त्यांना प्रशिक्षक, खाणे आणि शिक्षण दिले. त्या व्यवस्थेतही दोष होते. अनेक मुष्टियोद्धे पैशासाठी आणि मोकळेपणासाठी देश सोडून गेले आणि २०२२ साली सरकारला धंदेवाईक लढतींना परवानगी द्यावी लागली. हे झाकून ठेवण्याची गरज नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. खेळाचे घर रक्तातून येत नाही, इतिहासातूनही येत नाही. सरकारने आणि समाजाने ठरवले तर एका पिढीत ते बांधता येते.

भारतातही हेच दिसते. ऑलिंपिकमध्ये आपल्याला मुष्टियुद्धात आजवर तीन पदके मिळाली. २००८ ला विजेंदर सिंग, २०१२ ला मेरी कोम आणि टोकियोत लवलिना बोरगोहाईं. विजेंदर हरियाणातल्या भिवानीजवळच्या खेड्यातला, बसचालकाचा मुलगा. मेरी कोम मणिपूरच्या छोट्या कोम आदिवासी जमातीतली, दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या आईबापांची मुलगी, आणि सहा वेळा विश्वविजेती. लवलिना आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातल्या खेड्यातली. निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोनदा विश्वविजेती झाली. यांत मोठ्या शहरांच्या क्लबांतले, पिढीजात सुखवस्तू घरचे कोण आहे? मोठ्या घरांतली मुले नाकावर ठोसा खायला येत नाहीत. ज्यांच्याकडे गमावण्यासारखे थोडे असते तेच या खेळाकडे वळतात, हे जगभरचे सत्य आहे.

पण पदक मिळाले म्हणजे घर मिळाले, असे समजू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, भारताचा महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. त्या दिवशी वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडले गेले आणि संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असे म्हणत जातिवाचक शिवीगाळ झाली, अशी तक्रार तिच्या कुटुंबाने केली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हीच वंदना त्याच स्पर्धेत ऑलिंपिक सामन्यात तीन गोल करणारी पहिली भारतीय महिला ठरली होती. देशासाठी खेळणाऱ्या मुलीलाही जात चुकली नाही, तेही तिच्या स्वतःच्या घराच्या दारात!

आमच्या मुलांना ठोसेबाजी कशाला?

आमचेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील, की बाबासाहेबांनी हातात पुस्तक दिले, तुम्ही हातमोजे कुठे देता? प्रश्न रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही. या खेळाने शरीराची किंमत घेतली आहे. खुद्द अलीला १९८४ साली कंपवाताने गाठले आणि २०१६ साली मृत्यू येईपर्यंत तो आजार सुटला नाही. १९८० साली अली भारतात आला तेव्हा दिल्लीत त्याच्याशी प्रदर्शनीय लढत खेळलेले कौरसिंग आपले आशियाई सुवर्णपदक विजेते. त्यांच्यावर म्हातारपणी उपचारासाठी कर्ज काढण्याची पाळी आल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२३ साली ते गेले. तेव्हा शाळा सोडून आखाडा धरा, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. पुस्तक पहिले. त्याबद्दल वाद नाही.

पण मैदान हा समतेचा वर्ग आहे, हेही तितकेच खरे. मुष्टियुद्धाच्या चौकोनात वजन पाहतात, आडनाव पाहत नाहीत. घंटा वाजायच्या आधी मारता येत नाही, वाजल्यानंतरही मारता येत नाही. हात उचलण्याची ताकद आणि हात आवरण्याची शिस्त दोन्ही तिथे शिकायला मिळतात. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आमच्या लोकांनी पाणी घेतले आणि त्यानंतर सवर्णांनी परतणाऱ्या माणसांवर हल्ला केला. त्या मेळाव्यात लष्करात राहिलेले धडधाकट लोक होते. त्यांना उत्तर देता आले असते. बाबासाहेबांनी त्यांना रोखले. ज्याच्याकडे ताकदच नाही त्याच्या संयमाला लोक भेकडपणा म्हणतात. महाडच्या संयमाला इतिहासात मान मिळाला, कारण तो बलवानांचा संयम होता.

पनवेलकरांनी काय करावे?

महाड ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगड जिल्ह्यातले हे पनवेल. बाबासाहेबांसाठी पाण्याची घागर घेऊन वाट पाहणाऱ्या पनवेलच्या सोनबाची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. त्या पनवेलमध्ये आज जमिनीचा भाव चौरस फुटावर चालतो. सिडको आली, महामार्ग रुंदावले, विमानतळ झाला. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो लढा न्याय्यच होता. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच भूखंड. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, त्या शेतमजूर बौद्धांना आणि कातकरी-ठाकरांना या हिशेबात काय मिळाले? घर कुणाचे, हा प्रश्न इथे जगज्जेत्यांपुरता राहत नाही, तो आपल्या वस्तीचा होतो.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे. दुर्बल घटकांसाठी आणि महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचा निधी तिच्या अंदाजपत्रकात असतो. त्यातला किती खर्च खेळावर झाला आणि तो कोणत्या वस्तीत झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की ते बुद्धविहारात सगळ्यांसमोर वाचा. वस्तीतले समाजमंदिर वर्षातले काही दिवस लग्नासाठी आणि जयंतीसाठी उघडते, बाकी दिवस कुलूप. ते सकाळी दोन तास अभ्यासिका आणि संध्याकाळी दोन तास व्यायामशाळा म्हणून का उघडू नये? मुष्टियुद्धाला गवताचे मैदान लागत नाही. एक खोली, दोन जोड हातमोजे, लटकवायला एक पिशवी आणि एक जाणता प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. लष्करातून निवृत्त झालेले आमचे बांधव वस्त्यावस्त्यांत आहेत. त्यांना बोलवा. डॉक्टरची तपासणी आणि डोक्याचे संरक्षण यांत मात्र एक रुपयाची काटकसर नको.

आणि मुलींना आधी. मेरी कोम, लवलिना आणि निखत यांच्यानंतर ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ असे म्हणणाऱ्यांचे तोंड बंद झाले आहे. ज्या मुलीला रात्रीच्या लोकलने कामावरून परतायचे आहे तिला स्वतःच्या मुठीचा भरवसा असू द्या. वस्तीतल्या कातकरी, मुस्लिम, आगरी, कोळी कुठल्याही घरच्या मुलामुलीला या दारावर अडवू नका. आपण दार उघडे ठेवले नाही, तर दुसऱ्याच्या बंद दाराबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

तथागत बुद्धांनी आनंदाला अखेरच्या दिवसांत सांगितले होते, की आपल्या शिकवणुकीत ‘आचार्यमुष्टी’ नाही. म्हणजे शिष्यापासून काही लपवून ठेवणाऱ्या गुरूची बंद मूठ नाही. द्रोणाचार्याची मूठ बंद होती आणि त्या मुठीत एकलव्याचा अंगठा होता. इंग्लंडची मूठ १९४८ पर्यंत बंद होती. ज्याने ज्याने विद्या बंद मुठीत धरली तो तो घराचा मालक म्हणवून घेत राहिला, आणि प्रत्येक वेळी बाहेर ठेवलेल्यांनी ती मूठ उघडायला लावली.

मुष्टियुद्धाचे खरे घर कोणते, यावर आमच्या तरुणांनी खुशाल वाद घालावा. इंग्लंड, अमेरिका, क्युबा, ज्याला जे पटेल ते म्हणावे. पण वाद संपला की उठून समाजमंदिराची किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी करावी. जगातले पहिले घर कुणी बांधले, हे ठरवणे आपल्या हाती नाही. पनवेलमधले पुढचे घर कुणी बांधायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे.

जयभीम!